जपानमधील तुरुंग: दिनक्रम, व्यवस्था आणि एकटा पहारेकरी

फुचूकर

तोक्योच्या पश्चिमेकडील फुचू या शहरात मी राहतो आणि जपानमधील सर्वांत मोठा तुरुंग याच शहरात आहे. १९३५ सालापासून तो येथे आहे. सामान्य जपानी माणसाला मात्र त्याची लांबलचक करडी भिंत ठाऊक असते ती एका चोरीमुळे. १० डिसेंबर १९६८ रोजी याच भिंतीलगतच्या रस्त्यावर पोलिसाच्या वेषातील एका माणसाने बँकेची मोटार अडवली, सुमारे ३० कोटी येन पळवले आणि तो कधीच सापडला नाही. भिंतीच्या आत गजाआड गेलेले चोर आणि भिंतीला खेटून कायमचा निसटलेला चोर, असा हा विनोद येथील लोक अजूनही करतात.

दरवर्षी शरद ऋतूत या तुरुंगाचा एक उत्सव भरतो. कैद्यांनी तयार केलेल्या लाकडी आणि चामड्याच्या वस्तू विक्रीला असतात, तुरुंगात भाजलेल्या पावासाठी रांगा लागतात आणि छायाचित्रे न घेण्याच्या अटीवर आतील काही भाग पाहू देतात. त्या दिवशी कैदी अर्थातच नजरेस पडत नाहीत. मी पाहिली ती एक रिकामी कार्यशाळा. भिंतीवरील फळीवर प्रत्येक हातोडी, कानस आणि पक्कड यांची आकृती रंगाने रेखलेली होती, त्यामुळे एखादे हत्यार जागेवर नसेल तर ते दारातूनच कळावे. एका बाजूला बेताच्या उंचीचा लाकडी चौथरा होता. तो पहारेकऱ्याचा. काम चालू असताना बहुधा एकच पहारेकरी त्यावर उभा असतो आणि त्याच्यासमोर पन्नास-साठ कैदी कात्र्या, करवती, शिवणयंत्रे घेऊन बसलेले असतात. त्याच्याकडे बंदूक नसते. जपानी तुरुंगाविषयी मला जे काही समजले, ते या चौथऱ्यापाशी येऊन थांबते, म्हणून हा धागा काढला आहे.

दिनक्रम तुरुंगागणिक थोडाफार बदलतो, परंतु साचा एकच असतो. पावणेसातच्या सुमारास उठण्याची सूचना होते. गादीच्या घड्या ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या कोपऱ्यात घालून कैदी दाराकडे तोंड करून बसतात आणि हजेरीच्या वेळी आपला क्रमांक सांगतात. न्याहारी कोठडीतच होते. मग रांगेने कार्यशाळेकडे जायचे. वाटेत कपडे बदलण्याच्या खोलीत कोठडीतील कपडे उतरवून कामाचे कपडे चढवायचे आणि त्या दोहोंच्या मध्ये अंगझडती द्यायची. पूर्वी ही झडती संपूर्ण विवस्त्र होत असे. कैद्याला हात वर करून, पाय एकामागून एक उचलून तळवे दाखवावे लागत, आणि त्या हालचालींना कैद्यांच्या बोलीत एका नाचाचे नाव पडले होते. आठच्या सुमारास काम सुरू होते, बारा वाजता जेवण, मध्ये साधारण अर्धा तास मैदानावर व्यायाम, आणि साडेचार-पाचपर्यंत पुन्हा कोठडी. संध्याकाळचे जेवण पाचच्या आसपास उरकते. त्यानंतरचे काही तास वाचन, पत्रलेखन आणि दूरचित्रवाणी यांसाठी मोकळे असतात. नऊ वाजता झोपायचे. दिवे मंद होतात, पूर्ण विझत नाहीत. स्नान आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, तेही पंधरा मिनिटांत.

काम चालू असताना बोलायचे नाही. इकडेतिकडे पाहायचेही नाही. नजर हातातील कामावरून ढळली, तरी तो नियमभंग ठरतो. शौचालयास जायचे असेल, जमिनीवर पडलेली सुई उचलायची असेल, तर हात वर करून पहारेकऱ्याची परवानगी घ्यावी लागते. दुसऱ्या कैद्याला स्वतःच्या ताटातील काही देणे हाही गुन्हा. पेन हवे असेल, चष्मा दुरुस्त करायचा असेल, डॉक्टरांना भेटायचे असेल, तर त्यासाठी एक छापील अर्ज असतो. वर्षानुवर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाने असे किती अर्ज लिहिले असतील, याचा हिशेब करून पाहावा.

आता मुद्द्याचे. हा पहारेकरी दर काही तासांनी बदलत नाही. एक कार्यशाळा एका अधिकाऱ्याकडे महिनोन्‌महिने सोपवलेली असते आणि तिच्यातील प्रत्येक कैद्याचे घर, खटला, आजार, भांडणे त्याला ठाऊक असतात. कोणाला आईच्या निधनाची बातमी द्यायची आणि कोणाची जागा कोणापासून लांब ठेवायची, हे तो ठरवतो. कैदी आपसात त्याला ‘ओयाजी’, म्हणजे ‘बाप’, म्हणतात. आपल्याकडे गिरणीतले कामगार जुन्या मुकादमाला जसे ‘म्हातारा’ म्हणत, त्यातला भाव बराचसा तोच. दंगली नाहीत, पलायने जवळजवळ नाहीत, अमली पदार्थांचा शिरकाव नाही. जपानी तुरुंगांच्या या ख्यातीचे श्रेय बाहेरचे अभ्यासक भिंतींना देतात. माझ्या मते ते या एकट्या माणसाला आणि त्याच्या हातातील बारीकसारीक नियमांना आहे.

---

अभय_मिरज

लेख अतिशय वाचनीय झाला आहे. दोन शंका आहेत. आपल्याकडील बंद्यांना जेवण आणि मजुरी या दोन गोष्टींवरून सर्वाधिक तक्रारी असतात. तेथे काय स्थिती आहे? आणि एखादा शाकाहारी मनुष्य तेथे जाऊन पडला, तर त्याने खावे काय?

---

फुचूकर

अभयराव, जेवणाचा पाया म्हणजे बार्ली मिसळलेला भात. तांदूळ ७ भाग आणि बार्ली ३ भाग असे प्रमाण रूढ आहे. भाताचे माप कामाच्या स्वरूपावरून ठरते. उभ्याने, अंगमेहनतीचे काम करणाऱ्यास अधिक आणि बसून काम करणाऱ्यास कमी. सोबत मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे, सार, भाजी, मासा किंवा मांस. तीन वेळच्या जेवणाचा माणशी खर्च ५०० येनांच्या आगेमागे असतो, म्हणजे बाहेरच्या एका साध्या जेवणाच्या थाळीपेक्षाही कमी. स्वयंपाक कैदीच करतात आणि ते काम मिळणे मानाचे समजले जाते. नववर्षाच्या दिवशी मात्र मोची (चिकट तांदळाचे गोळे) आणि सणाच्या पदार्थांची पेटी मिळते, आणि सुटलेल्या माणसांच्या आठवणींत ती एक पेटी हमखास येते. गोड पदार्थ एरवी दुर्मीळ असल्याने वर्तन चांगले असणाऱ्यांना महिन्यातून कधीतरी मिळणाऱ्या बिस्किटांचे मोल फार.

फुचूत परदेशी कैद्यांची सोय आहे, त्यामुळे भाताऐवजी पाव देणे किंवा धर्मामुळे वर्ज्य असलेले पदार्थ वगळणे, हे तेथे होते. परंतु आपल्या अर्थाने शाकाहारी असणाऱ्याची पंचाईतच. ज्या देशात साराच्या पाण्यातच वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, तेथे तुरुंगाबाहेरही आम्हाला उपाहारगृहात दहा प्रश्न विचारावे लागतात.

मजुरीला तेथे मजुरी म्हणतच नाहीत. कायद्याने ती ‘प्रोत्साहनपर रक्कम’ आहे आणि किमान वेतनाशी तिचा संबंध नाही. कामाच्या दहा श्रेणी असतात. नवा कैदी दहाव्या श्रेणीत सुरुवात करतो आणि तासाला दहा येनसुद्धा त्याच्या पदरात पडत नाहीत. सर्वांची सरासरी महिन्याला साधारण ४,५०० येन येते. त्यातील काही भाग आत खर्च करता येतो आणि उरलेला सुटकेच्या दिवशी हातात पडतो. तीन वर्षे शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या हातात या पैशांतून तोक्योमधील एका खोलीची अनामत रक्कमसुद्धा जेमतेम उभी राहते. तुरुंगात परतणाऱ्यांचा विषय निघेल तेव्हा हा आकडा लक्षात ठेवावा.

---

विधिज्ञ

या व्यवस्थेची कायदेशीर चौकट नोंदवून ठेवतो. जपानचे सर्व तुरुंग न्याय मंत्रालयाच्या सुधारणा विभागाखाली येतात. आपल्याप्रमाणे तो राज्यांचा विषय नाही, त्यामुळे होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत नियमावलीचा सांगाडा एकच असतो. शिक्षा झालेल्या कैद्याचे प्रथम वर्गीकरण होते. गुन्हेगारी प्रवृत्ती फारशी रुजलेली नाही असे ‘ए’, रुजलेली आहे असे ‘बी’, स्त्रिया ‘डब्ल्यू’, भाषा आणि चालीरीतींमुळे वेगळी वागणूक आवश्यक असलेले परदेशी ‘एफ’, दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचे ‘एल’. जून २०२५ पूर्वी कोणी कोठे जायचे, ते या अक्षरांवरून ठरत असे. फुचू मुख्यतः ‘बी’ आणि ‘एफ’ यांच्यासाठी होता.

आत गेल्यावर दोन वेगवेगळ्या शिड्या असतात आणि वाचकांचा येथे नेहमी गोंधळ होतो. पहिली शिडी बंधनांची आहे; तिच्या चार पायऱ्या असून कैद्यावर किती पहारा ठेवायचा, कोठडीला कुलूप असावे की नाही, हे तिच्यावरून ठरते. दुसरी सवलतींची, तिच्या पाच पायऱ्या असून गेल्या काही महिन्यांतील वर्तन पाहून भेटी, पत्रे, स्वतःच्या पैशाने घेता येणारे पदार्थ यांचे प्रमाण ठरते. तळाच्या पायरीवरही महिन्याला किमान २ भेटी आणि ४ पत्रे यांचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

हा कायदा मात्र अलीकडचा. १९०८ सालचा तुरुंग कायदा जवळजवळ शंभर वर्षे चालला आणि बदलला तो नागोया येथील तुरुंगातल्या प्रकरणांमुळे. डिसेंबर २००१ मध्ये तेथील एका कैद्यावर पहारेकऱ्यांनी मोठ्या दाबाच्या नळीने पाणी सोडले आणि तो मरण पावला. मे २००२ मध्ये कातडी पट्टा आणि हातकड्या यांनी आवळलेल्या दुसऱ्या एका कैद्याचा मृत्यू झाला. ही प्रकरणे उघड झाल्यावर कातडी हातकड्या रद्द झाल्या, सुधारणा परिषद नेमली गेली, २००५ मध्ये नवा कायदा संमत झाला आणि मे २००६ पासून अमलात आला. प्रत्येक तुरुंगासाठी बाहेरच्या नागरिकांची पाहणी समिती याच कायद्याने आली. वकील, डॉक्टर, स्थानिक रहिवासी असे तिचे सदस्य असतात आणि कैदी त्यांना थेट लिहू शकतात.

---

आडवाटेचा

फुचूकर, आपण लिहिलेले सर्व खरे असेल, परंतु त्या चौथऱ्यावरील माणसाविषयी आपल्या लेखनात जो जिव्हाळा उतरला आहे, तो मला खटकला. शांतता आहे हे मान्य, पण ती कशाच्या जोरावर आहे? नियमभंग केलेल्या कैद्याला एकांत कोठडीत ठेवतात. तेथे त्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने गप्प बसून राहायचे; पुस्तक नाही, काम नाही, भेट नाही. ही शिक्षा ३० दिवसांपर्यंत आणि अतिगंभीर प्रकरणी ६० दिवसांपर्यंत देता येते. हिवाळ्यात अनेक ठिकाणी कोठड्यांना उष्णतेची सोय नसते, कैद्यांच्या हातापायांची बोटे थंडीने सुजतात. ज्याच्या एका नोंदीवर हे सारे अवलंबून आहे, त्याला बाप म्हणणे हा प्रेमाचा नव्हे, नाइलाजाचा भाग झाला. नियम इतके बारीक आहेत की कोणीही कोणत्याही दिवशी दोषी ठरू शकतो. मग कोणाकडे कानाडोळा करायचा आणि कोणाला पकडायचे, हे एका माणसाच्या मर्जीवर राहते. विधिज्ञांनी सांगितलेले नागोयाचे प्रकरण म्हणूनच मला अपवाद वाटत नाही. त्या व्यवस्थेच्या पोटातूनच ते आले आहे.

---

मंजिरी_ओसाका

चर्चेत एक बाजू राहून गेली आहे. मी येथे वृद्धसेवेच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे तुरुंगातील वृद्ध हा विषय आमच्याकडे वारंवार निघतो. २००६ च्या अखेरीस जपानच्या तुरुंगांत ८१ हजारांहून अधिक माणसे होती. आता ती संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आहे. परंतु जी उरली आहेत, ती म्हातारी होत चालली आहेत. नव्याने दाखल होणाऱ्यांत ६५ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण १९९० च्या सुमारास नगण्य होते, ते आता सातांत एक इतके झाले आहे. वृद्ध स्त्रियांपैकी बहुतांश चोरीसाठी आत येतात, आणि ती चोरी म्हणजे दुकानातून उचललेला भाताचा डबा किंवा फळे.

हिरोशिमा तुरुंगाच्या ओनोमिची येथील शाखेत वृद्धांसाठी कठडे, सपाट जमिनी आणि हलकी कामे अशी व्यवस्था फार पूर्वीपासून आहे. पण आता सर्वच तुरुंगांत कार्यशाळेच्या कोपऱ्यात चालण्याच्या चौकटी उभ्या दिसतात. कमरेत वाकलेल्या माणसाला रांगेत ताठ चालायला कसे सांगणार? स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय उठू नये हा नियम कितीदा समजावणार? मऊ भात शिजवणे, लंगोट बदलणे, स्नान घालणे, ही कामे पहारेकरी आणि धडधाकट कैदी मिळून करतात. आमच्या प्रशिक्षणात जे काही महिने शिकवले जाते, ते तेथे चौथऱ्यावरून उतरून पहारेकऱ्याला स्वतःच शिकावे लागते.

सुटकेनंतर जायला घर नसलेल्या वृद्ध आणि अपंग कैद्यांसाठी २००९ पासून प्रत्येक प्रांतात साहाय्य केंद्रे स्थापन होऊ लागली. शिक्षा संपण्यापूर्वीच ही केंद्रे निवारा शोधू लागतात. त्यांचे काम चांगले आहे, पण अर्ज कैद्याच्या संमतीने करावा लागतो, आणि ‘कोणावर ओझे नको’ असे म्हणून नकार देणारी म्हातारी माणसे कमी नाहीत.

---

फुचूकर

मंजिरीताईंचे आभार, ही बाजू मला इतक्या जवळून ठाऊक नव्हती.

आडवाटेचा, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे प्रतिवाद नाही, फक्त पुरवणी आहे. नागोया येथे इतिहासाची पुनरावृत्ती झाली. नोव्हेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळात तेथील २२ पहारेकऱ्यांनी कैद्यांना वारंवार मारहाण आणि छळ केल्याचे न्यायमंत्र्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. त्यांतील बहुतेक जण नोकरीत नवे होते. एकट्याने साठ माणसे सांभाळण्याची जी पद्धत अनुभवी माणसाच्या हातात मुत्सद्देगिरी ठरते, तीच पंचविशीतल्या घाबरलेल्या मुलाच्या हातात गेल्यावर काय होते, ते तेथे दिसले. मी जिव्हाळ्याने लिहिले, कारण ही व्यवस्था माणसावर उभी आहे. आपण रागाने लिहिले त्याचेही कारण तेच आहे.

त्यानंतर बरेच काही हलले. एप्रिल २०२४ पासून देशभरातील तुरुंगांत कैद्यांना आडनावापुढे ‘सान’ लावून, म्हणजे आपल्याकडील ‘राव’ किंवा ‘जी’ यांसारखे, हाक मारण्याची सूचना निघाली. तोवर नुसते आडनाव किंवा क्रमांक पुकारत. आणि १ जून २०२५ पासून त्याहून मोठा बदल झाला. १९०७ च्या दंडसंहितेतील सक्तमजुरी आणि साधी कैद हे दोन प्रकार रद्द होऊन त्यांच्या जागी एकच कारावास आला. आता काम हा शिक्षेचा अनिवार्य भाग राहिलेला नाही. कोणाला काम द्यायचे, कोणाला व्यसनमुक्तीचे वर्ग, कोणाला लिहिणे-वाचणे आणि कोणाला केवळ शरीर हलते ठेवण्याचा व्यायाम, हे माणूस पाहून ठरवायचे आहे.

कागदावर हे उत्तम आहे. पण इतकी वर्षे दिवसाचे आठ तास कार्यशाळेने भरून काढले आणि पहारेकऱ्याचे सारे कसब शांत बसलेल्या माणसांवर नजर ठेवण्याचे होते. आता त्याच माणसाने गोलात खुर्ची ओढून बसायचे, कैद्याला बोलते करायचे आणि मध्ये तोंड घालायचे नाही, अशी अपेक्षा आहे. शिमाने प्रांतातील असाही येथे, २००८ साली खासगी कंपन्यांच्या सहभागाने उघडलेल्या तुरुंगात, कैद्यांचे असे संवादगट बरीच वर्षे चालू आहेत. पण तेथे गुन्हेगारी फारशी न मुरलेले कैदी निवडून पाठवतात. फुचूत टोळीयुद्धांत मुरलेले, पाचव्या-सहाव्यांदा आलेले लोक आहेत.

---

अभय_मिरज

माहितीबद्दल आभारी आहे. एक राहिलेला प्रश्न. परदेशी कैद्याचे कुटुंब हजारो मैल दूर असेल, तर भेटीचे आणि पत्रांचे काय होते? मुदतीपूर्वी सुटका मिळते का?

---

विधिज्ञ

भेट काचेसारख्या पारदर्शक पडद्याआडून, साधारण अर्धा तास आणि बहुधा पहारेकऱ्याच्या उपस्थितीत होते. २००६ पूर्वी ती जवळजवळ नातेवाइकांपुरतीच होती, आता मित्रांनाही शक्य आहे. भाषा जपानी नसेल तर संभाषण आणि पत्रे दोन्ही समजणारा माणूस लागतो. फुचूत त्यासाठी परदेशी कैद्यांचा स्वतंत्र विभाग आहे, तरी कमी बोलल्या जाणाऱ्या भाषांतील पत्र तपासून हाती पडायला वेळ लागणार हे उघड आहे. आपल्या दूतावासाच्या अधिकाऱ्याला भेटण्याचा मार्ग मात्र प्रत्येक परदेशी कैद्याला खुला असतो.

मुदतीपूर्वीची सुटका दंडसंहितेनुसार एक तृतीयांश शिक्षा भोगल्यावर शक्य आहे. प्रत्यक्षात बहुतेकांची चार पंचमांशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक शिक्षा भोगून झालेली असते. जन्मठेपेच्या कैद्याला कायदा दहा वर्षांनंतर दार उघडू देतो, पण व्यवहारात तीस वर्षांच्या आत कोणी क्वचितच बाहेर पडते. निर्णय तुरुंग अधीक्षक घेत नाही, प्रादेशिक मंडळ घेते. आपल्याकडील संचित रजेसारखी घरी जाण्याची सोय कागदावर आहे, वापर अगदी तुरळक.

---

आडवाटेचा

पलायने जवळजवळ नाहीत असे मूळ लेखात आहे, त्याला एक ठळक अपवाद जोडतो. एहिमे प्रांतातील इमाबारी येथे १९६१ पासून एक खुला तुरुंग जहाजबांधणीच्या कारखान्यातच चालतो. तेथे भिंत नाही आणि कैदी कारखान्यातील कामगारांच्या बरोबरीने वेल्डिंग करतात. एप्रिल २०१८ मध्ये तेथून एक कैदी निसटला आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ हजारो पोलिसांना सापडला नाही. पकडल्यावर त्याने सांगितलेले कारण तुरुंगातील माणसांशी न पटणे हे होते. खुल्या तुरुंगातही त्याला पळवून लावले ते आतील माणसांनीच, यात आपल्या दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे असे वाटते.

---

मंजिरी_ओसाका

थोडे अवांतर. शर्टाच्या कॉलरचा मळ काढणारा निळा, लांबट साबण तुरुंगात तयार होतो असे शेजारच्या आजी सांगतात. तो कोठे मिळतो?

---

फुचूकर

होय, तो योकोसुका येथील तुरुंग शाखेत तयार होतो आणि तुरुंगांच्या मालात तो वर्षानुवर्षे सर्वाधिक खपणाऱ्या वस्तूंपैकी आहे. ‘कॅपिक’ या नावाने देशभरातील तुरुंगांचा माल विकला जातो. काही तुरुंगांच्या दाराशी त्यांची दुकाने आहेत आणि संकेतस्थळावरूनही मागवता येतो. विक्रीचा काही भाग गुन्ह्यांत बळी पडलेल्यांना साहाय्य करणाऱ्या संस्थांना जातो. शक्य झाल्यास उत्सवाच्या दिवशीच या. साबण दिवसभर मिळतो, पण पाव हवा असेल तर दार उघडण्यापूर्वी रांगेत उभे राहावे लागेल.